खोगिराचा वास

या वीकांताचा विषय जरा वासाचा आहे. नाक मुरडायची सवय असलेल्यांनी इथूनच परत फिरावं, मी राग मानणार नाही. घोड्याच्या पाठीवर खोगिराखाली मेंढीच्या कातड्याची, लोकरीसकट, एक गादी घालतात. ती धुवायची कशी, वाळवायची कशी आणि तिचा वास घालवायचा कसा, यावर आज लिहिणार आहे. हिंजवडीत दिवसभर स्क्रीनकडे बघत बसणाऱ्या माणसाला हा विषय सुचला कसा, असं तुम्ही विचाराल. सुचला वगैरे काही नाही, घरातूनच आला.

आमचं गाव कडा. तालुका आष्टी, जिल्हा बीड. नगरहून बीडकडे निघालात की आष्टीच्या अलीकडे लागतं. (नगरचं आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्याकडच्या जिभांना अजून ते वळण पडायचंय.) २०२२ साली नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली आणि कड्याला स्टेशन मिळालं, तेव्हा आमची आजी कुठेही जायचं नसताना नुसती गाडी बघायला गेली होती. घरी शेती आहे, पण आमच्या भागात नुसत्या शेतीवर भागत नाही हे वेगळं सांगायला नकोच. जिल्ह्यातली कितीतरी घरं दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. आमच्या तात्यांनी, म्हणजे धाकट्या चुलत्यांनी, वेगळी वाट धरली. त्यांनी घोडी पाळली. वरातीची.

घोडीचं नाव राणी. पांढरी, शांत, आणि बँडच्या आवाजाला न बुजणारी. वरातीच्या घोडीचा हा शेवटचा गुण सगळ्यात महाग. तुळशीचं लग्न लागलं की तिचं सीझन सुरू होतं ते पाऊस पडेपर्यंत. तात्यांनी आणि माझ्या चुलतभावानं या एका जनावरावर घरातली दोन शिक्षणं आणि एक बोअर काढलंय. माझ्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या फीमध्येसुद्धा राणीचा वाटा होता. तेव्हा ती माझ्या नातेवाईकांत मोडते असं म्हणायला हरकत नाही.

राणीचा सगळा साज माळेगावच्या यात्रेतून घेतलेला आहे. नांदेड जिल्ह्यातलं माळेगाव खंडोबाचं. तिथे मार्गशीर्षात घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तसाच तिकडे नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीला भरतो. जनावरांबरोबर लगाम, रिकिबी, झुली, गोंडे सगळं मिळतं. खोगिराखालची गादी कानपूरची, कारण देशात खोगिरं आणि घोड्याचं चामडी सामान बनवण्यात कानपूरचं नाव मोठं. वरून शिवलेलं जाड कापड, आणि खाली, म्हणजे घोडीच्या पाठीकडे, मेंढीचं कातडं लोकरीसकट. घरात तिला गादी कुणी म्हणत नाही. सगळे म्हणतात 'कातडं'. "कातडं आण", "कातडं झटक", "कातडं आत आणू नको" (हे शेवटचं आजीचं. आजी माळकरी आहे).

आता मेंढीचंच कातडं का? तर उभी लोकर दाबली तरी पुन्हा वर येते, त्यामुळे वरच्या माणसाचं वजन एका जागी न रुतता पसरतं. केसांच्या मधून हवा खेळते. आणि लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश इतकी ओल पिऊनही हाताला ओली लागत नाही. घोड्याच्या पाठीला यापेक्षा चांगला शेजारी मिळणं कठीण.

खोगीर हा शब्दही बघा. तो फारसीतून आलाय. 'खूय' म्हणजे घाम आणि 'गीर' म्हणजे धरणारा. खोगीर म्हणजे घाम धरणारं! आपण आज हा शब्द वापरतो तो बहुतेक 'खोगीरभरती' म्हणायलाच, म्हणजे पोकळी भरायला कोंबलेला निरुपयोगी माल. पण ज्या काळात तो शब्द रोजचा होता त्या काळात खोगिरात काय भरलंय यावर पुष्कळ काही अवलंबून असायचं. आमच्यापासून फार लांब नाही, जामखेड तालुक्यात खर्डा आहे. तिथे मार्च १७९५ मध्ये मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. दोन्हीकडे हजारांनी घोडेस्वार होते. त्यातल्या प्रत्येक घोड्याच्या पाठीवर काहीतरी घाम धरणारं होतं आणि कुणीतरी मोतद्दार ते रोज वाळवत होता. इतिहासाच्या पुस्तकात त्या मोतद्दाराचं नाव नसतं. पण घोड्याची पाठ लागली की स्वार पायी होतो, मग तो कितीही शूर असो.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

२०२४ चा एप्रिल. आदल्या वर्षी पाऊस दगा देऊन गेलेला, त्यामुळे मार्चपासूनच पाण्याची बोंब. आमच्या गल्लीत नळाला आठ दिवसांनी पाणी, तेही आलं तर. त्यात त्या वर्षी मे-जूनमध्ये गुरू-शुक्राच्या अस्तामुळे मुहूर्त कमी होते, म्हणून सगळ्यांनी एप्रिलमध्ये लग्नं उरकायला काढली. राणीच्या तारखा एकाला एक लागून. कधी दुपारी एक वरात आणि संध्याकाळी दुसऱ्या गावात दुसरी. आणि नेमका त्या धांदलीत अवकाळी पाऊस. एका वरातीत नवरदेव, करवली, बँडवाले आणि राणी असे सगळे चिंब भिजले. करवली घरी जाऊन कपडे बदलते. कातड्याला कोण बदलणार? ते तसंच ओलं खोगिराखाली दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठीवर चढलं. तिसऱ्या दिवशीही.

मी शनिवारी गावी पोचलो तर गोठ्याच्या बाहेरच वास आला. घोड्याचा वास मला लहानपणापासून माहीत आहे. हा तो नव्हता. आंबट, उग्र, नाकात टोचणारा, ओल्या पोत्यात कांदे सडल्यासारखा. आणि त्यावर गुलाबाचं अत्तर! चुलतभावानं कातड्यावर चांगलं अर्धी बाटली अत्तर शिंपडलं होतं. त्याची अडचण मला कळत होती. नवरदेवाच्या मावश्या नाकाला पदर लावतात, पोरं फिदीफिदी हसतात. त्याचं स्वतःचं लग्न जमवायचं चाललं होतं. मला म्हणाला, "पोरगी बघायला जायचं म्हटलं की दोनदा अंघोळ करतो. तरी वाटतं त्यांना वास येतोय. तुझं बरंय, तुमच्या हापिसात एसीचा वास."

मी काही बोललो नाही. यावर काय बोलणार?

तात्यांनी राणीला बाहेर काढलं आणि पाठीवरून हात फिरवला. कण्याच्या डाव्या अंगाला तळहाताएवढ्या जागेत केस चिकटून बसले होते. तिथे बोट लागलं की तिची कातडी थरथरायची आणि कान मागे जायचे. जागा गरम होती. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, पाठ लागायला सुरुवात झालीय, अजून फुटली नाही हे नशीब. ही सूज उतरून कातडी बरी होईपर्यंत खोगीर टाकायचं नाही. आणि हे खालचं कातडं आधी साफ करा, नाहीतर मलम लावून काही उपयोग नाही. दुसऱ्या कुणाच्या घोड्याचं वापरू नका, आणि हे कुणाला देऊ नका, गजकर्णासारखे बुरशीचे रोग या कातड्यांवरूनच फिरतात.

तात्यांनी तिथल्या तिथे फोन काढला आणि पुढच्या तारखा शेजारच्या गावच्या घोडीवाल्याला देऊन टाकल्या. ऐन सीझनच्या. फोन ठेवून ते बराच वेळ दावणीपाशी बसून राहिले. घरात कुणी काही विचारलं नाही.

आमच्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते. रात्री सर्व्हर अलार्म देत असेल तर अलार्मचा आवाज बंद करणं हा उपाय नव्हे. अत्तर म्हणजे तेच. पण तो वास नक्की कशाचा, हे कळल्याशिवाय घालवणार तरी कसा? म्हणून त्या रात्री ओसरीवर बसून मी जे जमेल ते वाचून काढलं. थोडक्यात सांगतो.

घोड्याच्या घामात माणसाच्या घामापेक्षा मीठ जास्त असतं, आणि त्यात लॅथेरिन नावाचं एक प्रथिनही असतं. ते साबणासारखं फेस करतं. पळालेल्या घोड्याच्या मानेवर, मांड्यांमध्ये पांढरा फेस दिसतो तो याचाच. त्या फेसामुळे घाम केसांतून पसरतो आणि घोडा लवकर थंड होतो. ताज्या घामाला उग्र वास नसतो. पण हा घाम, पाठीवरचा कोंडा, गळलेले केस, तेलकटपणा असं सगळं लोकरीच्या बुडाशी जमतं. वरून ओल मिळाली की जिवाणू आणि बुरशी यांचं जेवणाचं ताट तयार. ती जे खातात त्यातून जे बाहेर पडतं तो हा वास. म्हणजे वासाचं मूळ घामात नाही, न वाळलेल्या घामात आहे. मिठाचं तर आणखी एक आहे. ते हवेतली ओल ओढून घेतं, म्हणजे नुसतं वाळवलं तरी ढगाळ हवेत पुन्हा दमट होतं. त्यामुळे एकदा तरी धुणं भाग होतं.

आणि धुणं म्हटलं की दोन वेगळ्या वस्तू एकाच वेळी धुवायच्या. वरची लोकर आणि खालचं कातडं. दोघांचे रुसवे वेगळे.

लोकरीला गरम पाणी, अल्कली आणि चोळणं या तीन गोष्टी चालत नाहीत. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. कोमट-गार पाण्यात उलटसुलट करून चोळलं की ते एकमेकांत अडकतात आणि लोकर आवळून घट्ट होते. नमदा याच युक्तीनं करतात. पण आपल्याला नमदा करायचा नाहीये. कपड्याचा साबण, धुण्याचा सोडा ही सगळी अल्कली. शिवाय डाग काढणाऱ्या बऱ्याच पावडरींत प्रथिनं खाणारी एंझाइम असतात. लोकर प्रथिन, कातडंही प्रथिन! पावडरीला त्यातला डाग कुठला आणि माल कुठला ते कसं कळणार?

कातड्याचा रुसवा त्याहून मोठा. ते कशात कमावलंय यावर सगळं आहे. खेडोपाडी मेंढीचं कातडं मीठ आणि तुरटी लावून कमावतात. ते पाण्यात बुडवलं की तुरटी निघून जाते आणि वाळल्यावर हाती राहतो तो पापड. असलं कातडं कधीच बुडवायचं नाही, नुसतं ओल्या फडक्यानं लोकरीकडून पुसायचं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं पाण्याला बऱ्यापैकी तग धरतं, पण गरम पाण्याला नाही. कारखान्यात क्रोममध्ये किंवा ग्लुटारल्डिहाइडमध्ये कमावलेलं धुता येतं. तेव्हा पहिली पायरी म्हणजे परीक्षा. कडेला, शिवणीपाशी कातड्याचा कोपरा मोकळा असेल तिथे दोन थेंब पाणी टाकायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. कडक झालं तर बादली बाजूला ठेवा. आमचा कोपरा सकाळपर्यंत मऊच राहिला.

आता प्रश्न पाण्याचा. माझा हिशोब पाच बादल्यांचा होता. एक धुवायला, तीन खळबळायला, एक शेवटची. म्हणजे पंचाहत्तर लिटर. पुण्यात मी शॉवरखाली याहून जास्त पाणी सोडत असेन. पण त्या रविवारी आमच्या घरातल्या टाकीत जे होतं ते पाच माणसं, दोन गाई आणि राणी यांना बुधवारपर्यंत पुरवायचं होतं. मी काकूसमोर उभा राहून हिशोब सांगितला. काकू भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "घोडीची पाठ गेली तर टाकीतलं पाणी ठेवून काय करायचंय? घे. पण सांडलेलं एक थेंब वाया जायचं न्हाई."

पाणी वाचवायचं म्हणजे कोरडं काम आधी. हे मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि भरपूर पाणी असलेल्या माणसाला ते कधी सुचणार नाही. कातडं उलटं टांगून काठीनं हलक्या हातानं झोडपलं. मग कुत्र्याला विंचरायचा तारेचा ब्रश घेऊन (पुण्याहून येताना भावानं मागवला होता, राणीच्या शेपटीसाठी) लोकर बुडापासून विंचरली, केसांच्या दिशेनं, न ओढता. काय निघालं म्हणता! पांढरे केस, कोंडा, मिठाचे खडे, हळद, कुंकू, अक्षता आणि एक लग्नपत्रिकेचा चमकीवाला तुकडा. एका सीझनचा अख्खा लॉग. घमेलं अर्धं भरलं. अर्धी घाण इथेच गेली, एक थेंब पाणी न वापरता.

मग धुणं. आदल्या रात्री काकूनं रिठे भिजत घातले होते. सकाळी ते उकळून, गाळून, पूर्ण गार केलेलं पाणी बादलीत घातलं. रिठ्याचा फेस सौम्य असतो, आणि आमच्याकडे लुगडी, शाली वर्षानुवर्षं त्यातच धुतात. (रिठे नसतील तर लोकरीच्या कपड्यांसाठी गोदरेजचं इझी मिळतं ते चालेल.) पाणी हाताला ना गार ना गरम लागेल असं, फार तर तीस अंश. कातडं लोकरीची बाजू खाली करून ठेवायचं आणि तळहातानं नुसतं दाबायचं, सोडायचं, दाबायचं, सोडायचं. भाकरीच्या पिठाला मळतो तसं मळायचं नाही. पहिल्या पाण्याचा रंग चहासारखा झाला. ते उकिरड्यावर गेलं. पुढची तीन पाणी आजीनं स्वतः उभं राहून दारातल्या लिंबाच्या आळ्यात ओतून घेतली. शेवटच्या बादलीत अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर. त्यानं उरलेली अल्कली आणि अमोनियाचा टोचणारा वास मारला जातो. व्हिनेगरचा स्वतःचा वास वाळताना उडून जातो, काळजी नको.

पिळायचं नाही. हे मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे. काकूच्या दोन जुन्या सुती साड्यांमध्ये कातडं गुंडाळून वर उभं राहिलो, पाणी साड्यांनी ओढलं. साड्या पिळल्या, पुन्हा गुंडाळलं.

आणि खरी गोष्ट इथून पुढे, कारण धुणं तासाभराचं असतं, वाळवणं दीड दिवसाचं. दोरीवर टाकलं तर ओल्या वजनानं ताणून वाकडं होतं. फरशीवर ठेवलं तर खालून वाळत नाही. वैशाखाच्या तोंडावरचं आमचं ऊन म्हणजे चेष्टा नव्हे. त्या उन्हात कातड्यातला ओलावा आणि तेल झटकन जातं आणि ते फळी होतं. हवी सावली आणि वारा, वरून आणि खालूनही. आणि या गोष्टीसाठी जगात बाजेपेक्षा चांगलं साधन नाही! सुंभाची विणलेली बाज, खालून मोकळी, वरून मोकळी. अडचण एकच. "कातडं? बाजेवर? माझ्या?" आजी. मग गोठ्यातली, गाईच्या वैरणीसाठी ठेवलेली मोडकी बाज काढली, दोन विटा लावून उभी केली आणि पडवीत वाऱ्याच्या तोंडाला ठेवली. लोकर वर. दर दोन-तीन तासांनी उलटायचं.

अर्धवट वाळल्यावर एक काम राहिलं. कातडं दमट असतानाच कडेला दोन्ही हातांनी धरून सगळ्या बाजूंना हळूहळू ताणायचं, पुन्हा ठेवायचं, तासाभरानं पुन्हा ताणायचं. यानं ते मऊ राहतं. हे काम भावानं केलं. मी बघत होतो, तो मन लावून एकेक बाजू ताणत होता आणि मधूनच नाकाशी नेऊन वास घेत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण वाळल्यावर अर्धा तास कोवळं ऊन, लोकरीला. मग पुन्हा ब्रश. लोकर उभी राहिली.

याच वेळी आणखी एक शिक्षण झालं. आमच्या शेजारच्या रानात एक मेंढपाळ मेंढ्या बसवायला आले होते. (पीक निघालेल्या रानात रात्री मेंढ्या बसवतात, लेंड्यांचं खत होतं, आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात.) त्यांच्याबरोबर एक बुटकं तट्टू होतं. त्याच्या पाठीवर त्यांचा सगळा संसार. भांडी, तंबूचं कापड, कोंबड्या, कधी एखादं लेकरू. एवढं ओझं वर्षातले कितीतरी महिने वाहूनही तट्टाची पाठ स्वच्छ! मी खाली बघितलं तर ओझ्याखाली घोंगडी, चार घड्या घातलेली. मी विचारलं, "मामा, हिला वास येत नाही?"

"येतो की. मेंढराचाच हाय तो."

मग त्यांनी सांगितलं. रोज मुक्कामाला पोचलं की आधी घोंगडी उतरवायची आणि झुडपावर टाकायची, माणसांनी नंतर बसायचं. सकाळी झटकायची आणि घडी फिरवायची, म्हणजे काल पाठीकडे होती ती बाजू आज आत. चार घड्यांच्या घोंगडीला अशा कितीतरी बाजू मिळतात. नवी घोंगडी मात्र आधी वारेमाप भिजवायची नाही, कारण विणताना ताण्याला चिंचोक्याची खळ लावलेली असते. तीच घोंगडीला ताठपणा देते, आणि तीच पावसाळ्यात ओली राहिली की बुरसते. धुवायची ती वर्षातून एकदा, वाहत्या पाण्यात, न पिळता. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, मऊ मेरिनोपुढे गोणपाटच. स्वेटरला नको, पण पाठीखाली घालायला तीच बरी, लवकर दबत नाही आणि लवकर वाळते.

मी पाच बादल्या पाणी घालून जे साधलं ते हे मामा रोज घडी फिरवून साधत होते.

तात्यांनी त्यांच्याच ओळखीनं एक घोंगडी मागवली. आता राणीच्या पाठीवर आधी घोंगडी, मग खोगीर. डिसेंबरमध्ये माळेगावहून दुसरं कातडं आणलं. ते लांबच्या वरातीला. दोन्ही आलटून पालटून, एक पाठीवर तर एक बाजेवर. कातडं धुवायची वेळ वर्षातून एकदाच, पावसाळा संपताना, पाणी असताना. बाकी वेळ ब्रश, वारा आणि सावली. ओलं कातडं पाठीवर चढवायचं नाही, मग नवरदेव कितीही मोठ्या घरचा असो. ही शेवटची अट तात्या आता तारीख घेतानाच सांगतात. एक-दोघं रागावून दुसरीकडे गेले. जाऊ देत.

राणीची पाठ भरायला जवळजवळ महिना लागला. तो एप्रिल गेला तो गेलाच, त्या पैशांची भरपाई झाली नाही. पण त्या जागी पुन्हा केस आले, आणि त्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर ती पुन्हा उभी राहिली.

मला मात्र यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. वास दोन प्रकारचे असतात. एक कामाचा आणि एक कुजण्याचा. कुजण्याचा घालवायचा, आणि त्याला अत्तर नाही, वारा लागतो. कामाचा जात नाही आणि घालवूही नये. लोकर नीट धुतलेली, खडखडीत वाळलेली असली तरी नाक खुपसलं की मेंढी आणि घोडा दोन्ही हजर असतात. घाम धरणं हेच जिचं नाव आहे त्या वस्तूला वासच नको म्हणणं म्हणजे तिनं काम सोडावं म्हणण्यासारखं आहे. आम्ही शहरात राहणारी माणसं हे दोन वास एकच समजतो. म्हणून तर गावाकडून आलेल्या माणसाच्या पिशवीशेजारी बसायला लागलं की आम्ही खिडकी उघडतो.

परवा भावाचा फोन आला होता. वरातीहून नुकताच परतला होता. मागे राणीच्या नालांचा आवाज येत होता. मी उगाच चिडवायला विचारलं, "काय, कातड्याला वास येतोय का?"

थोडा वेळ काही नाही. बहुतेक खरंच हुंगून बघत असावा.

"येतोय," म्हणाला. "घोडीचा."

"मग बरंय."

असो. उद्या सोमवार, सकाळी नऊची मीटिंग आहे. तुमच्या घरी मेंढीचं कातडं असेलच असं नाही, पण घोंगडी असेल, आजीची, माळ्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. ती आधी पिशवीतून बाहेर काढा.